येताना थांबू

सकाळी दारामागच्या खिळ्यावर किल्ली नव्हती. खिळा होता, किल्लीच्या कडीने भिंतीवर घासून घासून पाडलेला काळपट अर्धगोल होता, शेजारी छत्री होती, किल्ली तेवढी नव्हती. मी पिशवी खांद्याला अडकवून, पायांत बूट घालून उभी, आणि हात सवयीने वर गेलेला. तो खिळ्यापाशी जाऊन थांबला तेव्हा मला माझ्याच हाताची लाज वाटली आणि पाठोपाठ राग आला. हरवलेली वस्तू आणि कुणी उचललेली वस्तू यांतला फरक रिकाम्या जागेकडे पाहिलं की कळतो. मी शोधाशोध केली नाही. आतल्या खोलीत मुलगा चहा पीत होता आणि गरजेपेक्षा मोठ्याने फुरके मारत होता. किल्ली कुठे आहे, मी विचारलं. ठेवलीय, तो म्हणाला. कुठे? ठेवलीय गं. तो लहानपणी कात्री मागायला लागला की मी त्याला असंच सांगायचे. मग तो समोर येऊन बसला, गुडघे जुळवून, आवाज खाली आणून, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा, आणि म्हणाला की आम्ही विचार केलाय. या ‘आम्ही’त तो होता, त्याची बायको होती, जिन्यात भेटणारे दोन-चार हितचिंतकही असावेत. मी नव्हते. गाडी नुसती उभी राहून खराब होते. सुनेच्या भावाला डोंगरापलीकडे त्याच्या दुकानासाठी लहान गाडी हवीच आहे. परवा सुट्टी आहे, तो स्वतः नेऊन पोचवेल. मीही बरोबर यावं, तेवढाच हवापालट, येताना बसने येऊ. सगळं इतकं नीट लावलेलं होतं की नाही म्हणायला त्यात कुठे फटच नव्हती. मी बूट काढले, ते जागेवर ठेवले आणि भाजी आणायला चपला घालून पायी गेले. जिना उतरताना सुनेने हाक मारून सांगितलं की आई, रस्ता नीट बघून ओलांडा. वाईट नाही ती. पण रस्ता कसा बघायचा हे मी अर्ध्या शहराला शिकवलंय, तिलासुद्धा.

निमित्त होतं तळघरातल्या खांबाचं. आमच्या इमारतीच्या तळघरात गाड्या उभ्या करतात, तिथल्या एका खांबाला माझ्या गाडीचं मागचं दार घासलं. घासलं ते माझ्याच हातून, त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्या दिवशी छताजवळचा पाइप फुटला होता आणि खांबावरून पाणी कोसळत होतं, दिव्याच्या उजेडात, भरपूर, आवाज करत. मी त्या पाण्याकडे बघत राहिले आणि गाडी खांबाकडे गेली. माझं लक्ष नव्हतं, एवढंच. माणसाचं लक्ष नसू शकतं. विशीतल्या पोराचं नसलं तर कुणाच्या तरी प्रेमात पडला असेल म्हणून लोक हसतात, चाळिशीतल्याचं नसलं तर कामाचा ताण म्हणतात, आणि माझं नसलं की वय झालं. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, जन्मभरात कितीदा गाडी घासली ते मी मोजत बसले नाही. दर वेळी खांब चुकीच्या जागी बांधलेला असायचा, किंवा फाटक अरुंद असायचं, किंवा नेमकी तेव्हाच मी बोलत असायचे. शाळेत भूमिती शिकवायचे ते. कोन त्यांना पाठ होते, खांब मात्र दिसत नसत. पण त्यांची किल्ली कुणी खिळ्यावरून काढली नाही. तसं करायचं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही, माझ्याही नाही. हे आठवलं आणि भाजीवाल्यासमोर मी टोमॅटो हातात घेऊन इतका वेळ उभी राहिले की त्याने विचारलं, बाई, बरं वाटतंय ना? मला उत्तम वाटतंय, मी म्हटलं, आणि टोमॅटो नको, म्हणून सांगितलं.

मी गाडी चालवायला शिकवायचे. केस पांढरे होईपर्यंत तेच काम केलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी मला कामावर ठेवून घेतलं ते बायकांना शिकवायला बाई हवी म्हणून, पण पुढे पुरुषही माझ्याकडेच नाव लावायला लागले, कारण मी ओरडत नसे. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणारा स्टिअरिंगच्या चाकामागे घाम गाळत असतो, आणि बाजूला बसलेल्या बाईचा पाय त्या ब्रेकवर नुसता टेकलेला असतो, दाबलेला नाही, उचललेलाही नाही. तो पाय बघूनच शिकणाऱ्याला धीर येतो. मला शहरात ब्रेकबाई म्हणतात. अजूनही म्हणतात, पेट्रोलपंपावर, दातांच्या दवाखान्यात, कुठेही. माझी उजवी पोटरी डावीपेक्षा भरदार आहे, नवा मोजा घातला की कळतं. माझे नियम दोनच. मी ‘बाजूला घे’ म्हटलं की गाडी बाजूला घ्यायची. का, कशाला, अजून थोडं पुढे जाऊ, हे सगळं नंतर. आधी थांबायचं, मग विचारायचं. आणि गाडी बंद झाली की किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवायची, खिशात घालायची नाही. मुलगाही कॉलेजात असताना माझ्याकडेच शिकला, गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर, इतरांसारखाच, रांगेत नाव लावून. घरात आई म्हणायचा, गाडीत बाई म्हणायचा. आणि गंमत अशी की दिवसभर गाडीत बसणारी मी, गाडी चालवत फार थोडी होते. शहरातले निम्मे लोक माझ्या बाजूला बसून चालवायला शिकले आणि मी बाजूलाच बसून राहिले. सुट्टीच्या दिवशी कुठे निघालो की हे चाकामागे बसायचे. तू रोज गाडीतच असतेस, सुट्टीला तरी आराम कर, म्हणायचे. मनापासून म्हणायचे. मनापासून केलेल्या गोष्टीला नाही कसं म्हणायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

नोकरी सोडल्यावर मी ही गाडी घेतली, लहानशी, वांग्याच्या रंगाची. पहिल्या दिवशी तिच्यात बसले तेव्हा वाकून मी बाजूच्या सीटपुढची जागा हाताने चाचपून पाहिली. तिथे ब्रेक नव्हता, कुणाचा पाय नव्हता, नुसती गुळगुळीत चटई होती. मला एकटीलाच हसू फुटलं आणि ते बराच वेळ थांबेना. ती गाडी परवा जाणार होती. दुसरी किल्ली माझ्या कपाटात होती, लोकरीच्या कपड्यांच्या तळाशी. उठून, ती घेऊन, कुठेही निघून जाता आलं असतं. पण स्वतःच्या गाडीत मला चोरासारखं बसायचं नव्हतं. म्हणून मी येते म्हटलं. मुलाला इतकं हलकं वाटलं की त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. मी शिकणाऱ्यांना असं थोपटायचे, पहिल्यांदा गाडी बंद न पडता चढ चढून आले की.

सुट्टीच्या दिवशी सकाळी निघालो, तो चाकामागे आणि मी बाजूला. त्याने आरसा त्याच्या उंचीला लावून घेतला, सीट मागे सरकवली, आणि माझी गाडी एका क्षणात दुसऱ्याची वाटायला लागली. शहर मागे पडलं. कारखान्यांच्या भिंती, लाकडाच्या वखारी, मग शेतं, मग झाडं. मुलगा छान चालवतो. ते श्रेय माझं आहे आणि मी ते कुणाला देणार नाही. फक्त वळणावर तो थोडा उशिरा वेग कमी करतो, बापासारखा. पहिल्याच वळणावर माझा उजवा पाय चटईवर दाबला गेला. दुसऱ्या वळणावरही. मी तो सीटखाली ओढून घेतला, तर तिसऱ्याला तो आपोआप पुढे आला. मुलाने तिरक्या नजरेने पाहिलं आणि हसला.

“आई, तिथं ब्रेक नाहीये गं,” तो म्हणाला.

लाडाने म्हणाला. त्या लाडाने माझ्या अंगावर काटा आला. मी खिडकीबाहेर पाहत बसले. हा रस्ता मला तोंडपाठ होता आणि तरीही मी तो कधी पाहिलेला नव्हता. डोंगरापलीकडे ह्यांच्या थोरल्या भावाचं घर. दर सुट्टीला आम्ही याच रस्त्याने जायचो, हे चाकामागे, मी बाजूला, मांडीवर हा मुलगा, मोठा झाल्यावर मागच्या सीटवर. डोंगर सुरू झाले की रस्ता एका घळीत शिरतो. एका बाजूला ओला काळा कडा, दुसऱ्या बाजूला कठडा आणि खाली खोल नदी. घळीच्या मध्यावर धबधबा आहे, कड्यावरून पाणी उतरतं ते थेट रस्त्याच्या काठाशी, मग रस्त्याखालच्या मोरीतून पलीकडे दरीत जातं. इतका रस्त्याला खेटून की गाडी हळू केली तर काचेवर थेंब येतात. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा लग्नाला थोडेच दिवस झाले होते. मी म्हटलं, थांबू या ना. हे म्हणाले, येताना थांबू. घरी जेवायला वाट बघत असतील, अंधाराच्या आत पोचायला हवं, येताना घाई नसते. पटण्यासारखं होतं. येताना संध्याकाळ झाली होती, दरीत अंधार होता, धबधबा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला पडला होता आणि मागे गाड्यांची रांग होती. पांढरं काहीतरी गेलं खिडकीतून. मग तो आमच्या घरातला रिवाजच झाला. धबधबा आला की कुणीतरी म्हणायचं, येताना थांबू. पुढे पुढे मी म्हणायच्या आधी हेच म्हणायचे, मग मुलगा बोबड्या बोलांत म्हणायला लागला, सगळे हसायचो. नुसत्या धबधब्याचं नव्हतं ते. शिवणाचं यंत्र, माझं डोंगरातलं शिबिर, माझ्या बहिणीकडे जाऊन राहणं, सगळं येताना. कुठून येताना ते कुणी कधी विचारलं नाही. एकदा मी हट्ट धरला, आत्ता थांबवाच म्हटलं, तेव्हा हे हसून म्हणाले, धबधबा काय पळून चाललाय? आणि मीही हसले. त्या हसण्याचा राग मला अजून येतो. एकदा मात्र मी काच खाली करून हात बाहेर काढला होता. मनगटावर पाच-सहा थेंब आले, थंडगार. ते मी पुसले नाहीत. भावाच्या घरी पोचेपर्यंत ते आपोआप वाळले.

हे गेले त्या वर्षी एका पहाटे ह्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा ह्यांनी स्वतःहून किल्ली माझ्या हातात दिली, तूच ने म्हणाले, आणि बाजूच्या सीटवर बसले. लग्नानंतर पहिल्यांदा. रस्ते रिकामे होते. मी चालवत होते, ते माझ्याकडे बघत होते, आणि दवाखान्याच्या फाटकाशी आल्यावर म्हणाले, बरी चालवतेस की. जणू काही त्यांना आत्ताच कळलं होतं. त्या वेळी मला रडू आलं नाही, ते पुष्कळ नंतर, भांडी घासताना आलं. माझं त्यांच्यावर प्रेम होतं आणि त्यांच्यावर राग होता, आणि ते गेल्यावर यातलं काहीच कमी झालेलं नाही. लोकांना वाटतं माणूस गेलं की राग विझतो. मला तसं काही वाटलं नाही, आणि वाटून घ्यायचंही नाही.

घळ आली. एकदम गार झालं आणि उजेड हिरवट झाला. कड्यातून पाझर निघत होते, रस्ता ओला होता. मुलाने गाडीचे दिवे लावले, तेही माझंच शिकवणं. पाण्याचा आवाज आधी आला, मग वळणापलीकडे ते दिसलं, कड्याच्या माथ्यापासून खाली, मध्ये एका कपारीवर आपटून फुटलेलं, पुन्हा एकत्र होऊन रस्त्यापाशी आलेलं. पाऊस नुकताच संपला होता, पाणी भरपूर होतं. रस्ता तिथे जरा रुंद आहे. चार-पाच गाड्या लागल्या होत्या, लोक फोटो काढत होते, एक बाई प्लास्टिकचे रेनकोट भाड्याने देत होती. मी काही बोललेच नव्हते. मी नुसती पुढे झुकले होते, आणि मुलाने ते पाहिलं.

“येताना थांबू, आई,” तो म्हणाला. हसत म्हणाला, आमचा जुना विनोद म्हणून.

आणि मला दिसलं की येताना नाही. येताना बस. बस इथे थांबत नाही. येताना गाडी नसेल, खिडकीची काच माझ्या हातात नसेल, आणि यानंतर या रस्त्यावरून मी कुठेही गेले तर कुणाच्या तरी बाजूला बसून, किंवा मागे, उशी पाठीला लावून, पाणी हवंय का आई, असं विचारून घेत जाईन. सगळं एका क्षणात लख्ख दिसलं, परीक्षेच्या दिवशी शिकणाऱ्याला समोरचा रस्ता दिसावा तसं. मी ओरडले नाही. मी कधीच ओरडत नसे. मी माझ्या कामाच्या आवाजात, सपाट, शांत, समोर बघत म्हटलं,

“बाजूला घे.”

आणि त्याने घेतली. आरशात पाहिलं, दिवा दाखवला, वेग उतरवला, रस्त्याच्या कडेला सरकवून गाडी सरळ उभी केली, हाताचा ब्रेक ओढला, गिअर काढला. मैदानावर शिकवलं होतं तसं, एकही पायरी न गाळता. सगळं झाल्यावर तो चाकावर हात ठेवून बसून राहिला आणि माझ्याकडे पाहायला लागला. त्याच्या पायाने ऐकलं होतं, त्याला अजून कळायचं होतं. मग त्याने विचारलं, काय झालं, काही होतंय का तुला? मी पट्टा सोडला, दार उघडलं आणि उतरले.

जवळून तो वेगळाच होता. खिडकीतून मला वाटायचं की पाणी वरून अलगद येत असेल, पडद्यासारखं. ते अलगद वगैरे काही नव्हतं. ते मारत होतं. कातळाच्या पायथ्याशी बाटल्या होत्या, चिप्सच्या पिशव्या होत्या, कुणाची तरी एक चप्पल गोल गोल फिरत होती. शेवाळाचा आणि लोखंडाचा मिळून एक वास येत होता. मी क्षणभर हिरमुसले, खोटं कशाला बोलू? एवढ्यासाठी इतकी वर्षं? रेनकोटवाली म्हणाली, आजी, घ्या एक, भिजाल. भिजायलाच आलेय, मी म्हटलं, आणि आजी म्हणू नका. ती हसली आणि तिने मला हाताने दाखवलं की पाय कुठे ठेवायचा. मी कातळ धरून धरून पुढे गेले. एका ठिकाणी बूट घसरला, मी बसले, तशीच बसून पुढे सरकले, मुलं घसरगुंडीवर सरकतात तशी, आणि पाण्याखाली शिरले. पाणी खांद्यावर आदळलं. श्वासच गेला. इतकं थंड की ते थंड आहे हे कळायला वेळ लागला. डोक्यावर, कानांत, मानेतून पाठीवर, स्वेटर जड होऊन लोंबायला लागला, चष्मा मी मुठीत धरला. ऐकू येत नव्हतं, दिसत नव्हतं. कुणाला काही द्यायचं नव्हतं, कुणाची वाट बघायची नव्हती, कुणाच्या चुकीवर पाय टेकवून बसायचं नव्हतं. दोन्ही पाय माझे होते आणि कातळावर गारठून दुखत होते. मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही. मी ओरडले, जन्मभर न ओरडलेली मी, घसा फाटेस्तोवर ओरडले, “थांबले मी, ऐकलंत का? जाताना थांबले!” कुणालाच ऐकू गेलं नसणार. ह्यांना ऐकू गेलं की नाही ते ह्यांचं ह्यांना माहीत.

बाहेर आले तेव्हा मुलगा काठावर छत्री उघडून उभा होता, अर्धा भिजलेला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने मला हात धरून रस्त्यावर आणलं, डिकीतला जुना टॉवेल काढला, माझे केस पुसायला लागला. जरा जोरातच पुसत होता. पडली असतीस तर, वाहून गेली असतीस तर, तिकडे ती माणसं वाट बघतायत, आणि तुला हे काय सुचतं. बोलत होता आणि पुसत होता. मी त्याला बोलू दिलं. घाबरलेल्या माणसाला आधी बोलू द्यावं लागतं. त्याचं संपल्यावर मी ओला तळहात त्याच्यापुढे धरला.

तो तळहाताकडे बघत राहिला. त्याचा हात खिशाकडे गेला, अर्ध्यावर थांबला, आणि त्याला एकदम हसू आलं.

“नाही, बाई. एकदा फसलो. दुसऱ्यांदा नाही.”

“फसवत नाही. मागतेय.”

गाड्या जात होत्या, चाकांखालून पाणी उडत होतं. मग तो म्हणाला, आणि या वेळी आजाऱ्याशी बोलायचा आवाज त्याच्यात नव्हता, त्याचा स्वतःचा होता, “आई, मला भीती वाटते. तू घरी यायला उशीर केलास की मी फोन हातात धरून बसतो. बायकोला वाटतं मी काम करतोय. त्या खांबाच्या जागी कुणाचं तरी पोर असतं तर? मग काय केलं असतं आपण?”

हे तो आधी बोलला असता तर. गाडी उभी राहून खराब होते म्हणे. मी चष्मा पुसला, डोळ्यांवर ठेवला. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, आणि ते मला आवडलं नाही, पण खोट नव्हती.

“मग असं कर,” मी म्हटलं. “मी चालवते, तू बाजूला बस. ही घळ उतरायची, पुढे शहर, पुढे आपलं तळघर, तो खांबसुद्धा. तुला एकदा जरी भीती वाटली, सवयीची नाही, खरी, तर म्हण बाजूला घे. मी घेईन. आधी थांबेन, मग विचारेन. आणि किल्ली तुझ्या हातात देईन ती कायमची. पुन्हा नाव काढणार नाही.”

“आणि मी तसं म्हणालोच नाही तर?”

“तर खिळा माझा.”

तो दरीकडे बघत उभा राहिला. पाणी मोरीतून बाहेर पडून खाली नदीत जात होतं, तिकडे. मला थंडी वाजायला लागली होती, दात वाजत होते, पण मी हात मागे घेतला नाही. शेवटी त्याने खिशातून किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. त्याचा हात गरम होता.

सीट ओली झाली. आरसा मी माझ्या उंचीला आणला, सीट पुढे ओढली. गाडी ज्या दिशेला उभी होती ती दिशा मला नको होती. घळीतला रस्ता एका दमात गाडी वळेल इतका रुंद नाही, तिथेही नाही. मी दिवा दाखवला, दोन्हीकडे पाहिलं, आधी तिरकी मागे घेतली, मग पुढे घेतली ती कड्याला नाक लागेस्तोवर, पुन्हा मागे घेतली ती कठड्यापर्यंत. मागे घेताना मुलाने श्वास रोखला. कठड्यापलीकडे नुसती हवा होती. मला माहीत होतं मागचं चाक कुठे आहे. ते मला पाठीच्या मणक्यात कळतं, आणि त्या दिवशी खांबापाशीही कळलं असतं, मी पाण्याकडे बघत नसते तर. आता पाणी बघून झालं होतं. मी पुन्हा पुढे घेतली आणि गाडी घराकडे तोंड करून उभी राहिली. रेनकोटवालीने हात वर केला. मी एकदा हॉर्न वाजवला, विनाकारण, जो मी कुणालाही कधी वाजवू दिला नसता.

उताराला लागलो. वळणावर वेग आधी उतरवायचा, वळणात नाही. मी तसं करत गेले. तिसऱ्या की चौथ्या वळणावर समोरून बस आली, पोट पुढे काढून, अर्धा रस्ता व्यापून. मी कठड्याच्या बाजूला सरकले आणि थांबले. बस आमच्या खिडकीला जवळजवळ चिकटून निघाली, तिच्या काचेतली माणसं खाली माझ्याकडे बघत होती, ओल्या केसांच्या म्हातारीकडे. बाजूला मुलाने तोंड उघडलेलं मला कळलं. मी वाट पाहिली. म्हणाला असता तर मी तिथेच गाडी बंद केली असती, दिलेला शब्द मी पाळते, आणि मला त्या क्षणी खरोखर भीती वाटली, बसची नाही, त्या दोन शब्दांची. बस गेली. तोंड मिटलं. मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

घळ संपून उजेड आला तेव्हा त्याचा फोन वाजला. सुनेचा भाऊ होता, आवाज मलाही ऐकू येत होता. कुठपर्यंत आलात म्हणून विचारत होता. मुलगा म्हणाला की आज येत नाही. नाही, बिघडली नाही. नाही, पंक्चरही नाही, चांगली चालतेय. मग तो जरा थांबला, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाला, “आई चालवतेय.”

फोन ठेवून तो बसून राहिला, दोन्ही हात मांडीवर, पाठ सीटला न टेकवता. पुढे एक साधंसं वळण आलं आणि त्याचा उजवा पाय चटईवर दाबला गेला. मला ते बघावं लागत नाही. सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं.